मुलं कोणाच्या रिटर्नमध्ये?

"मेधाताई, आजच लॉज कर. आत्ता, माझ्यासमोर."

अनिकेत खुर्चीत बसायलाही तयार नव्हता. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. जुलैचा पहिला आठवडा, बाहेर सिडनीच्या मानाने कडक थंडी, आणि माझ्या ऑफिसातला हीटर फक्त आवाज करतो, ऊब देत नाही.

"बस तरी," मी म्हटलं. "आर्थिक वर्ष आत्ता कुठे संपलंय. तुझ्या कंपनीने वर्षाच्या पगाराचा हिशेबसुद्धा अजून टॅक्स ऑफिसला कळवला नसेल. बँकांची माहिती यायला महिनाअखेर होते. घाई कसली?"

"सायलीच्या आधी जायला पाहिजे. जो आधी फाइल करतो त्याला मुलं मिळतात."

"मुलं मिळतात?"

"क्लेम करायला गं. डिपेंडंट म्हणून. दोन्ही नाही तर निदान एक. ओम माझ्या नावावर टाक, ईरा तिच्याकडे राहू दे."

मी चष्मा काढून पुसला. विचार करायला वेळ हवा असला की मी हेच करते. क्लायंटला वाटतं, बाई खोलात शिरली. खरं तर त्या वेळात मला समोरचं काहीच दिसत नसतं.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी टॅक्स एजंट आहे. लोकांच्या वतीने त्यांचं वार्षिक करविवरणपत्र, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसतं रिटर्न म्हणतात ते, सरकारकडे भरून देते. भरण्याला इथे लॉज करणं म्हणतात. माझं ऑफिस हॅरिस पार्कमध्ये एका मिठाईच्या दुकानावर आहे. भाडं कमी होतं म्हणून जागा घेतली. ते भाडं कमी का होतं हे माझ्या वजनकाट्याला नंतर कळलं. माझी टीनएजर मुलगी म्हणते, "आई, यू आर द ओन्ली अकाउंटंट हू स्मेल्स लाइक जलेबी." क्लायंटना मात्र ते आवडतं. रिफंड कमी आला तरी लोक गोड वासात रागावू शकत नाहीत.

आमच्या लोकांचा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे डिडक्शन. कामासाठी स्वतःच्या खिशातून खर्च केला असेल तर तो उत्पन्नातून वजा होतो आणि तेवढ्यावर कर लागत नाही. एवढीच गोष्ट. पण ती एकदा कळली की माणसाची प्रतिभा जागी होते. एका गृहस्थांचं देवघर त्यांच्या होम ऑफिसच्या खोलीत होतं. त्यांनी समईचं तेल क्लेम करायचं म्हणून मला बिलं दिली होती. "मेधाताई, दिवा लावल्याशिवाय मी लॅपटॉप उघडतच नाही," हा त्यांचा युक्तिवाद. त्यामुळे क्लायंट काहीही म्हणाला तरी मी सहसा दचकत नाही. त्या दिवशी दचकले.

कारण अनिकेत आणि सायली तसले नव्हते. दोघं विद्यार्थी म्हणून इथे आले तेव्हापासून त्यांची रिटर्न मीच भरते. तो तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा, ती एका सुपरमार्केटच्या बेकरीत ब्रेड कापायची. त्यांचं लग्न, पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, ईरा, मग ओम, सगळं माझ्या फायलींतून पुढे सरकलं. आता तो एका बस कंपनीत ड्रायव्हरांची रोस्टर, म्हणजे ड्युटीची वेळापत्रकं, बनवतो, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. घटस्फोटही फायलींतून गेला. तोसुद्धा इतक्या शिस्तीत, की आमच्या ओळखीतल्या काही संसारांनी लाजावं. ती क्वेकर्स हिलला राहायला गेली, तो गिरावीनला. मुलं एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे. शुक्रवारी शाळा सुटली की अदलाबदल. अनिकेतने त्याचंसुद्धा रंगीत रोस्टर बनवून दोन्ही फ्रिजवर लावलं होतं. भांडण नाही, कोर्टबाजी नाही. आणि आता हा म्हणत होता, ओम माझ्या नावावर टाक.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"दादाने."

मी समजले. सुहासदादा हा अनिकेतचा मोठा भाऊ. न्यू जर्सीला असतो. त्यांच्या घरात फ्रिज घ्यायचा असो की शेअर विकायचे असोत, आधी दादाचं मत येतं आणि मग वस्तू येते. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या सल्ल्याच्या मागे त्याचा सल्ला उभा आहे, हे मला बरीच वर्षं जाणवत होतं.

"दादाच्या ऑफिसात दोघातिघांचे डिव्होर्स झालेत," अनिकेत म्हणाला. "तिकडे सगळे असंच करतात. मूल ज्याच्याकडे अर्ध्याहून जास्त रात्री राहतं तो क्लेम करतो. नाहीतर एक तुझं, एक माझं. आणि दोघांनी एकच मूल दाखवलं तर ज्याचं रिटर्न आधी जातं त्याचं पास होतं."

"अनिकेत, तिकडे तसं असेल. इथे मुलं क्लेम करता येत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तसा रकानाच नाही. इथे प्रत्येक माणूस आपापला कर भरतो. मुलांपायी उत्पन्नातून काही वजा होत नाही. ना तुझ्या, ना तिच्या."

"सगळ्या जगात असतं ते."

"आपण सगळ्या जगात राहत नाही रे. न्यू साउथ वेल्समध्ये राहतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू सायलीची बाजू घेतेयस."

हे मला लागलं. मी बाजू घेत असते तर पहिल्यांदा स्वतःची घेतली असती, आणि त्याला तेव्हाच बाहेर काढून खाली जाऊन गरम कचोरी खाल्ली असती.

"मी दादाशी बोलून सांगतो," असं म्हणून तो गेला.

दुसऱ्याच दिवशी सायलीचा फोन. लंच ब्रेकमध्ये लॅबच्या कार पार्कमधून बोलत होती.

"मेधाताई, टॅक्सचं काम नाहीये. तुझ्याशी बोलावंसं वाटलं. अनिकेतचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"गेल्या आठवड्यात म्हणाला, ओमला माझ्याकडे एक रात्र जास्त ठेवतो. दर आठवड्याला. मी म्हटलं का? तर सांगेना. मग म्हणतो, हवं तर ईरा कायमची तुझ्याकडे, ओम माझ्याकडे. मेधाताई, वाटण्या करायला ती काय भांडी आहेत?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि ईराने ऐकलं. रात्री मला विचारते, आर यू गाइज स्प्लिटिंग अस अप? मी म्हटलं, नो बेटा, नॉट अ चान्स. तर बहीणभाऊ बसून काय ठरवतायत माहितीये? त्यांनी पाळलेला गिनी पिग कोणाकडे जाणार. ओम म्हणतो, दीदी तू घे, पण व्हिडिओ कॉल कर त्याला."

तिचा आवाज तिथे फाटला. सायली सहजासहजी रडणाऱ्यातली नाही. डिव्होर्सचे कागद तिने माझ्या ऑफिसात खालचं खमण खात खात नीट लावले होते.

"सोमवारी सॉलिसिटरची अपॉइंटमेंट घेतलीय," ती म्हणाली. "आत्तापर्यंत आमचं आम्ही ठरवलं होतं. आता कोर्टाकडून लेखी करून घेते. त्याच्या डोक्यात काय शिरलंय, तुला काही माहितीये का गं?"

मला सगळं माहीत होतं. आणि सांगता येत नव्हतं.

टॅक्स एजंटला बरेच नियम असतात. त्यातला एक असा, की एका क्लायंटने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. ते नवरा-बायको असले तरी नाही. माजी नवरा-बायको असले तर स्वप्नातसुद्धा नाही. मी अशी बाई आहे, जिने स्वतःच्या नवऱ्याच्या सरप्राइज पार्टीची बातमी त्याला फोन करून दिली होती, कारण केकचा फ्लेवर विचारायचा होता. तरी मी म्हटलं, "सायली, त्याच्या फायलीबद्दल मला काही बोलता येत नाही. पण सोमवारच्या आधी मला एक संधी दे."

"फायलीबद्दल?" ती हुशार आहे. "म्हणजे हे टॅक्सचं आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मेधाताई!"

"मी काहीच म्हटलं नाही. मला दुसरा फोन येतोय." दुसरा फोन येत नव्हता.

सॉलिसिटर वाईट नसतात. माझे काही चांगले मित्र आहेत त्या धंद्यात. पण एकदा त्या दारातून आत गेलं की माणसं एकमेकांशी बोलायचं थांबवतात आणि त्यांचे ईमेल एकमेकांशी बोलायला लागतात. या दोघांचं अजून माणसांसारखं चाललं होतं. ते एका चुकीच्या देशातल्या नियमामुळे मोडणार होतं. आणि त्या नियमाचा इथे काहीही संबंध नाही, हे त्यांच्या गोतावळ्यात फक्त मला ठाऊक होतं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आज एवढी शांत कशी?"

"कॉन्फिडेन्शियल आहे."

"बरं. मग उद्या सांग."

मी त्याला उद्याही सांगितलं नाही. त्याने मला ताप आहे का विचारलं.

अनिकेतला मी फोन केला. तो डेपोत होता, मागे कोणीतरी ड्रायव्हर रविवारची शिफ्ट नको म्हणून तावातावाने बोलत होता.

"मेधाताई, दादा म्हणतो तुला कदाचित नवीन रूल माहीत नसेल."

मी दीर्घ श्वास घेतला. जिलेबीचा वास आत गेला. जरा बरं वाटलं.

"शक्य आहे," मी म्हटलं. "म्हणून असं करू. तू, मी आणि सायली, तिघं बसू. मी तुमच्यासमोर रिटर्न उघडते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तुला जिथे मुलं क्लेम करायची जागा दिसेल तिथे मला थांबव. पण त्यासाठी तू मला जे सांगितलंस ते तिच्यासमोर बोलायची परवानगी दे. नाहीतर मला तोंडाला कुलूप लावून बसावं लागेल, आणि ते माझ्या तब्येतीला बरं नाही."

"तिला कळलं तर ती आधी लॉज करेल."

"तिचं रिटर्नही मीच भरते रे! मी काय माझ्याशीच रेस लावू?"

तो पहिल्यांदा हसला. "नो वरीज. पण एक अट आहे. दादा व्हिडिओवर असेल."

सायलीने एका वाक्यात होकार दिला. "येते. पण सोमवारची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केलेली नाही, हे त्याला सांग."

शनिवारी सकाळी दोघं आले. मुलं माझ्या घरी, माझ्या मुलीच्या ताब्यात होती. दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये दादा. न्यू जर्सीत शुक्रवारची संध्याकाळ होती, उन्हाळा होता. दादा हाफ पँटमध्ये मागच्या अंगणात बार्बेक्यूजवळ उभे होते. हातात चिमटा. एकंदर प्रसन्न माणूस. एवढ्या प्रसन्न माणसाने इतका गोंधळ घातला असेल असं वाटेना.

"नमस्कार, मॅडम. मी मध्ये पडतोय असं नाही हं," दादा म्हणाले. "फक्त याचं नुकसान होऊ नये."

"कसलं नुकसान?" सायली म्हणाली. "मला कोणी सांगेल का?"

मी अनिकेतकडे बघितलं. त्याने टेबलाकडे बघत सगळं सांगून टाकलं. जास्तीची रात्र, आधी फाइल करणं, एक तुझं एक माझं.

सायली त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "टॅक्ससाठी? माझा मुलगा तू टॅक्ससाठी मागितलास?"

"आपला मुलगा," दादा लॅपटॉपमधून म्हणाले.

"दादा, तुम्ही तुमचं पनीर उलटा. जळतंय."

ते खरंच जळत होतं. दादांनी घाईघाईने उलटलं. मी ती संधी साधून माझ्या कॉम्प्युटरची स्क्रीन तिघांना दिसेल अशी वळवली.

"हे अनिकेतचं रिटर्न," मी म्हटलं. "अजून अर्धवट आहे, पण रकाने सगळे आहेत. हे उत्पन्न. ही डिडक्शन्स. कामाचे बूट, युनिफॉर्म धुणं, घरून केलेल्या कामाचे तास. मुलं कुठे दिसली?"

"पुढे जा," दादा म्हणाले.

"ही स्पाउसची माहिती. गेल्या वर्षी जोडीदार होता का? नाही." मी माउस क्लिक केला. दोघांनी एकाच वेळी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर फक्त मिठाईवाल्याचा बोर्ड आहे. मी लगेच पान पुढे सरकवलं.

"थांब!" अनिकेत ओरडला. "मागे जा. ते बघ. नंबर ऑफ डिपेंडंट चिल्ड्रन! आहे ना रकाना!"

"मी म्हणत नव्हतो?" दादांनी चिमटा उंचावला. "आय टोल्ड यू!"

सायलीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी क्षणभर बिनकामाची बाई होते. आणि खरं सांगायचं तर तो रकाना येणार आहे हे मला माहीत असूनही त्याबद्दल आधी सांगायला मी विसरले होते. इतकी वर्षं रोज बघितलेली वस्तू दिसेनाशी होते, तसं माझं झालं होतं.

"रकाना आहे," मी म्हटलं. "पण तो क्लेमसाठी नाही. ऐका. इथे मेडिकेअर नावाची सरकारी आरोग्यसेवा आहे. तिच्यासाठी बहुतेक सगळे थोडा कर देतात. त्याशिवाय ज्यांची कमाई बरी आहे आणि ज्यांनी खाजगी हॉस्पिटलचा विमा घेतलेला नाही, त्यांना वर एक सरचार्ज लागतो. सरकार म्हणतं, परवडतंय तर विमा घ्या, सरकारी हॉस्पिटलवरचा भार कमी करा. आता हा सरचार्ज किती उत्पन्नापासून लावायचा, ते ठरवताना मुलं आहेत का ते बघतात. मुलं असली की मर्यादा वर जाते. म्हणून इथे विचारतात, किती मुलं सांभाळता?"

"म्हणजे फायदा आहेच," दादा म्हणाले.

"ज्याच्याकडे विमा नाही त्याला. अनिकेतकडे विमा आहे, मुलंही त्यात आहेत. सायलीचंही तसंच. या रकान्यात काहीही लिहिलं तरी दोघांचा एक डॉलरसुद्धा इकडचा तिकडे होत नाही."

"आणि फॅमिली टॅक्स बेनिफिट?" सायलीने विचारलं. "लॅबमधल्या मुली बोलत असतात."

"त्याच्या नावात टॅक्स आहे, पण ते टॅक्स ऑफिसचं नाही. मुलं वाढवायला कमी कमाईच्या घरांना मिळणारी सरकारी मदत आहे ती. ऑफिस वेगळं, अर्ज वेगळा. तिथे मात्र मूल कोणाकडे किती राहतं ते बघतात."

"बघा!" दादा पुन्हा जिवंत झाले. "रात्री मोजतात!"

"मोजतात, पण कमाई जास्त असली की मोजायच्या आधीच नाही म्हणतात. तुमच्या भावाचा आणि सायलीचा पगार त्याच्या वर गेलाय. अभिनंदन."

दादा जरा विचारात पडले. मग त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. मला तो आवडला, कारण तो खरोखर चांगला प्रश्न होता.

"ठीक आहे. पण मग त्या रकान्यात कोण लिहिणार? याने लिहायचं की तिने?"

"दोघांनी."

"म्हणजे एक-एक?"

"दोन-दोन. मुलांना दोघंही सांभाळतात, खर्च दोघंही करतात. म्हणून याच्या रिटर्नमध्ये दोन, तिच्या रिटर्नमध्ये दोन."

"मुलं दोन आहेत," दादा म्हणाले.

"हो."

"आणि सरकारकडे चार जाणार?"

"दोन आणि दोन जाणार. सरकार इथे बेरीज करत नाही."

"मॅडम, दॅट इज फ्रॉड! आमच्याकडे आत टाकतील."

"तुमच्याकडे टाकतील, दादा. तुम्ही सांगितलं ते सगळं बरोबर आहे. फक्त तुमच्याकडे."

दादांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पनीरचा एक तुकडा त्यात टाकला. अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नसावं.

अनिकेत मात्र आमच्याकडे बघतच नव्हता. तो स्क्रीनवरच्या त्या छोट्या चौकोनाकडे बघत होता.

"म्हणजे मी इथे दोन लिहू शकतो?" त्याने विचारलं. "तिला न विचारता? रात्री न वाढवता?"

"आत्ता लिही," मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

त्याने दोन टाइप केलं. मग खुर्चीत मागे रेलला. आल्यापासून पहिल्यांदा त्याने जॅकेटची चेन उघडली.

"पैशाचं नव्हतं गं ते," तो सायलीला म्हणाला. "म्हणजे दादासाठी पैशाचं होतं. माझं नव्हतं."

"मग कशाचं होतं?"

"शाळेचा मेसेज तुला येतो. डेंटिस्ट तुला फोन करतो. मेडिकेअर कार्डावर मुलं तुझ्या खाली. पासपोर्ट तुझ्या कपाटात. मागे ओमला ताप आला म्हणून क्लिनिकमध्ये घेऊन गेलो, तर रिसेप्शनवरची म्हणते, अँड यू आर? मी म्हटलं, आयॅम द डॅड. तर म्हणते, मम इज नॉट हिअर? दादा म्हणाला, रिटर्नवर मुलांची नावं लागतात. मला वाटलं, सरकारच्या एका तरी कागदावर असू देत माझ्या नावाखाली."

मी चष्मा पुसायला घेतला. या वेळी खरंच गरज होती.

सायलीने पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती सायली होती.

"बावळटा," ती म्हणाली, "शाळेच्या ॲपमध्ये तुझा नंबर टाक म्हणून तुला कितीदा सांगितलं? तू पासवर्ड विसरलास. अख्ख्या सिडनीच्या बसड्रायव्हरांची रोस्टर लावतोस आणि तुला एक पासवर्ड रिसेट करता येत नाही?"

"ते लिंक पाठवतात आणि लिंक उघडत नाही."

"जंक मेलमध्ये बघ! आणि मेडिकेअर कार्डावर मुलं दोघांच्याही येतात. दोन्ही कार्डांवर. फॉर्म भरावा लागतो. कोणी अडवलंय तुला?"

"दोन्ही कार्डांवर येतात?" अनिकेतने माझ्याकडे बघितलं.

"येतात," मी म्हटलं. हा माझा प्रांत नव्हे, पण एवढं मला ठाऊक होतं.

"मला वाटलं, एकाच्याच येतात."

"हे पण दादाने सांगितलं?" सायलीने विचारलं.

"नाही हं," दादा घाईने म्हणाले. "यात माझा काही हात नाही."

सायली हसली. मग अनिकेत हसला. मी उठून खालून खमण मागवलं, कारण अशा वेळी काय करायचं हे आमच्या कोड ऑफ कंडक्टमध्ये दिलेलं नाही.

खमण येईपर्यंत सायलीने त्याच्या फोनवर शाळेचं ॲप उघडून दिलं. लिंक जंक मेलमध्येच होती. मेडिकेअरचा फॉर्म त्याने स्वतः डाउनलोड केला आणि सहीसाठी तिच्यापुढे धरला. तिने सही केली, पण पेन परत देता देता म्हणाली, "ईराशी तू बोलायचंस. मी नाही. तू ऐकवलंस, तू निस्तर."

"आज बोलतो."

"दोघांशी. एकत्र बसवून. आणि गिनी पिगचंही सांग. त्याची वाटणी होऊन गेलीय."

"कोणाकडे गेला?"

"ते विचारू नकोस. तू हरलायस."

सोमवारची अपॉइंटमेंट तिने तिथेच, आमच्यासमोर रद्द केली. मुलांचा आठवडा-आठवडा तसाच राहिला. दोघांची रिटर्न मी महिनाअखेरीला, बँकांची माहिती आल्यावर, एकाच दुपारी लॉज केली. आधी कोणाचं केलं ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. दोन्हींत दोन-दोन मुलं गेली. टॅक्स ऑफिसने एका शब्दाने विचारलं नाही.

इथे एक सूचना द्यायला हवी. हे वाचून कोणी स्वतःच्या रिटर्नमध्ये आकडे भरायला बसू नका. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, नियम बदलतात, आणि माझं तर त्यावरच पोट चालतं.

दादांना मात्र माझं म्हणणं अजून पटलेलं नाही. ते अधूनमधून मला लेख पाठवतात. सगळे अमेरिकेतले. मी प्रत्येकाला लाइकचा अंगठा देते. मध्यंतरी त्यांनी त्यांच्याच एका मित्राची टॅक्सची अडचण मला सविस्तर लिहून विचारली. मी कळवलं, "दादा, मला तिकडचं काही कळत नाही." त्यांचं उत्तर आलं: "प्रयत्न तर करा. मी नाही का केला?"

या प्रकरणातून माझ्या कामाच्या पद्धतीत एकच बदल झाला. नवा क्लायंट आला की आम्ही नाव, पत्ता, टॅक्स फाइल नंबर आणि बँक अकाउंट विचारतो. आता त्याखाली मी आणखी एक प्रश्न घातलाय: अमेरिकेत कोण आहे? 'कोणी नाही' असं उत्तर आलं तर अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट देते. 'चुलत भाऊ' म्हटलं तर पाऊण तासाची. मोठा सख्खा भाऊ असेल, तर त्या दुपारी मी दुसऱ्या कोणाला बोलावतच नाही.